या खेपेला कोणीही हो: एका प्रचार-तबकडीचं प्रकरण

मे १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टिमथी लिअरी या ४८ वर्षांच्या माणसाची शिक्षा एकमताने रद्द केली. ती शिक्षा ३० वर्षांची होती आणि वर ३० हजार डॉलर दंड. लिअरी हार्वर्ड विद्यापीठातून काढून टाकलेला मानसशास्त्रज्ञ आणि एलएसडी या भास घडवणाऱ्या द्रव्याचा जगभर गाजलेला पुरस्कर्ता. निकालाचा आनंद ताजा असतानाच तो कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या शर्यतीत उतरला. समोर खुर्चीवर रोनाल्ड रेगन होता. प्रचाराला पैसा लागणार होता आणि लिअरीजवळ विकण्यासारखी एकच चीज होती, ती म्हणजे त्याचं बोलणं. त्याच्या बोलण्याची एक तबकडी काढायचं ठरलं. तिच्यावर बेस वाजवायला रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आला.

तबकडी १९७० मध्ये निघाली आणि त्याच वर्षी उमेदवार गजाआड गेला. नोव्हेंबरमध्ये मतदान झालं तेव्हा तो तुरुंगातूनही पळाला होता आणि अल्जीरियात आसऱ्याला होता.

तबकडीचं नाव ‘यू कॅन बी एनीवन धिस टाइम अराउंड’. मराठीत मी त्याला ‘या खेपेला कोणीही हो’ असं म्हणतो. ‘खेप’ हा शब्द मुद्दाम घेतलाय. आपल्याकडे जन्ममरणाच्या खेपा म्हणतात आणि इंग्रजी शीर्षकातही पुनर्जन्माची हीच सावली आहे. मागच्या जन्मी जे होतास ते असो, या खेपेला हवं ते हो, असा सरळ आशीर्वाद त्यात आहे. हा आशीर्वाद कोणी दिला, कोणत्या परिस्थितीत दिला आणि शेवटी तो कोणाच्या वाट्याला आला, हे मला या प्रकरणातून मांडायचं आहे.

बोलणाऱ्या तबकड्या

नुसत्या बोलण्याची तबकडी ही कल्पना आज विचित्र वाटेल, पण त्या काळच्या अमेरिकेत तिला बाजार होता. न्यू यॉर्कच्या कॅडमन कंपनीने १९५२ मध्ये डिलन टॉमस या कवीला ध्वनिमुद्रित केलं आणि लोक कविता विकत घेऊन ऐकू शकतात हे दिसून आलं. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मिळायची. एक प्रवचन किंवा एक लांब कविता तेवढ्यात बसते.

लिअरीने हे माध्यम लवकर ओळखलं. १९६० च्या उन्हाळ्यात मेक्सिकोतल्या क्वेर्नावाका इथे त्याने पहिल्यांदा सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेली अळंबी खाल्ली आणि परत येऊन हार्वर्डमध्ये त्या द्रव्यावर प्रयोग सुरू केले. त्याच वर्षी कवी अ‍ॅलन गिन्सबर्ग त्याच्या घरी आला आणि त्यानेही ते घेतलं. हाच गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत उतरला होता, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९६३ मध्ये हार्वर्डने लिअरीला आणि त्याचा सहकारी रिचर्ड अल्पर्टला काढून टाकलं. १९६४ मध्ये लिअरी, अल्पर्ट आणि राल्फ मेट्झनर या तिघांनी तिबेटी मृत्युग्रंथावर बेतलेलं एक पुस्तक काढलं. मेलेल्याच्या कानात लामा जे वाचतात, ते द्रव्य घेऊन बसलेल्या जिवंत माणसाच्या कानात वाचायचं, अशी त्यामागची योजना होती. म्हणजे ते पुस्तक मुळात ऐकण्यासाठीच होतं. १९६६ मध्ये त्याची वाचनाची तबकडी निघाली, तेव्हा एका बाजूला बाहेर जाणं आणि दुसऱ्या बाजूला परतणं अशी मांडणी झाली. तबकडी उलटायला उठायचं तेवढाच मधला विसावा.

भारताचा धागा इथे खरोखरच आहे, ओढूनताणून आणलेला नाही. १९६५ मध्ये लिअरी अल्मोड्याजवळ राहून गेला. तिथे कसारदेवीच्या डोंगरावर लामा गोविंद राहत. अल्पर्ट १९६७ मध्ये भारतात आला, कैंचीला नीम करोली बाबांपाशी पोचला आणि रामदास होऊन परतला. त्याच वर्षी लिअरीची आणखी एक तबकडी मर्क्युरी कंपनीने काढली. तिच्यात वीणा आणि तबल्याच्या साथीवर लिअरी वाटाड्या होऊन बोलतो, मेट्झनर प्रवासी होतो आणि तिसरा आवाज एका स्त्रीचा आहे, रोझमेरी वुड्रफचा. हे नाव लक्षात असू द्या.

लारेडोचा नाका

प्रचार का उभा राहिला आणि का कोसळला, ते खटल्यावाचून कळत नाही. डिसेंबर १९६५ मध्ये लिअरी, त्याची दोन मुलं आणि रोझमेरी मोटारीने मेक्सिकोच्या सुट्टीवर निघाले होते. मेक्सिकोने त्यांना आत घेतलं नाही. लारेडोच्या पुलावरून परत अमेरिकेत शिरताना झडती झाली आणि मुलीजवळ थोडा गांजा सापडला. लिअरीने तो आपला आहे असं सांगून दोष अंगावर घेतला. मार्च १९६६ मध्ये शिक्षा झाली, ती ३० वर्षांची.

कायदा होता १९३७ चा, गांजावरच्या कराचा. वरवर तो निव्वळ महसुली कायदा होता. गांजा घ्या, पण आधी अर्ज भरा आणि कर भरा. गोम अशी, की तो अर्ज भरला की तुमचं नाव-गाव पोलिसांना मिळणार, आणि जवळपास प्रत्येक राज्यात गांजा बाळगणं हा गुन्हा. म्हणजे कर न भरला तर केंद्राचा गुन्हेगार आणि भरला तर राज्याचा. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालात हीच गोष्ट धरली. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणाला भाग पाडता येत नाही, हे घटनेच्या पाचव्या दुरुस्तीतलं तत्त्व, आणि त्यावर तो कायदा टिकला नाही.

मला हा निकाल वाचताना नेहमी एक वाईट वाटतं. लिअरीने जो कायदा पाडला, त्याच्या जागी ऑक्टोबर १९७० मध्ये नवा, सर्व अमली द्रव्यांना एका चौकटीत बसवणारा केंद्रीय कायदा आला. त्यात एलएसडी आणि गांजा दोन्ही सर्वांत कडक अनुसूचीत गेले. लढाई जिंकली, पण तट अधिक उंच झाला.

निकाल लागला त्या वेळी दुसरं प्रकरण कोर्टात होतंच. २६ डिसेंबर १९६८ ला कॅलिफोर्नियातल्या लगुना बीच या गावात पोलिसांनी लिअरी, त्याचा मुलगा आणि रोझमेरी यांना पकडलं होतं. लिअरीवरचा आरोप गांजाच्या दोन जळक्या थोटकांचा होता. ती पोलिसांनीच टाकली असं तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. गव्हर्नरपदाची उमेदवारी, म्हणजे, डोक्यावर टांगती तलवार असतानाच जाहीर झाली. प्रचाराची अख्खी इमारत एका तारखेवर उभी होती, आणि ती तारीख न्यायालय देणार होतं.

सतराशे बेचाळीस नंबरची खोली

त्या उन्हाळ्यात जॉन लेनन आणि योको ओनो मॉन्ट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात १७४२ नंबरच्या खोलीत शांततेसाठी अंथरुणावर बसून होते. लिअरी आणि रोझमेरी तिथे गेले. १ जून १९६९ ला त्या खोलीत ‘गिव्ह पीस अ चान्स’ हे शांततेचं प्रसिद्ध समूहगान ध्वनिमुद्रित झालं. कोरसात दोघं आहेत आणि गाण्याच्या शब्दांत दोघांची नावंही आहेत.

लेननने लिअरीला विचारलं, प्रचारासाठी काय करू? लिअरीची घोषणा ‘कम टुगेदर, जॉइन द पार्टी’ अशी होती. पार्टी म्हणजे पक्षही आणि मैफलही. लेननने त्यावर गाणं रचायला घेतलं, पण ते घोषणेच्या चौकटीत मावेना आणि वेगळंच काहीतरी झालं. त्याच उन्हाळ्यात बीटल्सने ते ‘कम टुगेदर’ या नावाने ध्वनिमुद्रित केलं, सप्टेंबरमध्ये ‘अ‍ॅबी रोड’ तबकडीचं पहिलंच गाणं म्हणून ते आलं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. लिअरीने पुढे सांगितलेली हकिगत अशी, की त्याने ते तुरुंगात रेडिओवर ऐकलं आणि लेननकडे तक्रार केली. त्यावर लेननचं म्हणणं असं, की मी शिंपी आहे, तुम्ही सूट शिवायला टाकलात आणि न्यायला आलाच नाहीत, तेव्हा मी तो दुसऱ्याला विकला.

शिंप्याचं उत्तर चोख आहे. पण प्रचाराच्या बाजूने पाहिलं तर फार मोठं काहीतरी हातचं गेलं. दोन शब्दांची घोषणा जगभर पोचली आणि उमेदवार मात्र तिच्यातून गळून पडला. आज ते गाणं ऐकणाऱ्या शंभरांतल्या किती जणांना कॅलिफोर्नियाची निवडणूक आठवते? मग हातात उरली ती लिअरीची स्वतःची तबकडी.

स्टुडिओत

तबकडी काढणारा अ‍ॅलन डग्लस हा या प्रकरणातला फारसा न बोलला गेलेला, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा माणूस. त्याने कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्सची भाषणं आणि विनोदवीर लेनी ब्रूसचं बोलणं तबकडीवर आणलं होतं. १९७० मध्येच त्याने ‘द लास्ट पोएट्स’ या न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या कृष्णवर्णीय कवींची पहिली तबकडी काढली. कोंगा ड्रम आणि माणसांचे आवाज एवढ्यावर ती बिलबोर्ड साप्ताहिकाच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिल्या तीसमध्ये गेली. बोलण्याला लय असते, आणि ती लय वाद्यासारखी धरता येते, हे डग्लसला कळत होतं.

लिअरीच्या तबकडीवर तीनच तुकडे आहेत. पहिला, ‘लिव्ह अँड लेट लिव्ह’, म्हणजे जगा आणि जगू द्या. यात वादकांचा जो मेळ आहे तो थक्क करणारा आहे. गिटारवर स्टीफन स्टिल्स आणि ‘लव्हिन’ स्पूनफुल’चा जॉन सेबास्टियन, ड्रमवर बडी माइल्स, आणि बेसवर जिमी हेंड्रिक्स. हेंड्रिक्सच्या हातात गिटार नाही, हे पुन्हा सांगतो. त्या घडीला पृथ्वीवर सर्वांत जास्त ज्याची गिटार ऐकली जात होती त्या माणसाने मागे सरकून खालचे चार सूर सांभाळले आणि पुढची जागा एका बोलणाऱ्याला दिली. शिवाय मे १९६९ मध्ये हेंड्रिक्सलाही टोरोंटोच्या विमानतळावर अमली पदार्थांच्या आरोपाखाली अटक झाली होती आणि डिसेंबरात निर्दोष सुटेपर्यंत त्याच्याही मानेवर खटला होता. जगा आणि जगू द्या हे शब्द तोंडाने बोलणारा आणि बोटांनी तोलणारा, दोघंही त्या वर्षी आरोपी होते. मला त्या तुकड्यातला बेस ऐकताना हे विसरता येत नाही.

आपल्या कानाला बोलणं आणि वाद्य एकत्र ऐकायची जुनी सवय आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात निरूपण करतात तेव्हा तबलजी बोलण्याकडे कान लावून बसलेला असतो. बुवांनी आवाज चढवला की ठेका उचलतो आणि वाक्य अर्ध्यावर थांबलं की तोही थांबतो. साथ बोलण्याच्या मागून चालते. लिअरीच्या या तुकड्यात साथ तशी चालत नाही. वाद्यमेळ आपल्या नादात वाहतो आणि लिअरीचा आवाज त्याच्यावर, पाण्यावर पान तरंगावं तसा जातो. कधी दोन्ही जुळतात, कधी नाही. पहिल्या ऐकण्यात मला हा दोष वाटला होता. आता वाटत नाही. घाई नसलेला, आयरिश वळणाचा, शिकवून शिकवून मऊ झालेला तो आवाज आहे. तो ओरडत नाही. प्रचाराच्या भाषणात जो आवेश हवा तो त्यात औषधालाही नाही, आणि म्हणून प्रचार म्हणून तो फसला असता, खटले नसते तरीही. एवढ्या शांतपणे कोणी मतं मागत नाही.

‘व्हॉट डू यू टर्न ऑन व्हेन यू टर्न ऑन’ या तुकड्याबद्दल मी फार लिहीत नाही. तो जुन्या व्याख्यानांचाच विस्तार आहे आणि तिघांत फिका आहे.

शीर्षकाचा तुकडा मात्र थांबून ऐकावा असा आहे. इथे लिअरीच्या बोलण्याभोवती दुसऱ्यांच्या तबकड्यांचे तुकडे आहेत. बीटल्स आहेत, रोलिंग स्टोन्स आहेत. गाणी येतात, सरकतात, जातात. आज याला आपण सॅम्पलिंग म्हणतो आणि ते बटण दाबून होतं. १९७० मध्ये बटण नव्हतं.

मी तरुणपणी पाव इंची टेप कापण्याचं काम केलेलं आहे, म्हणून हे कसं होत असे ते सांगू शकतो. टेप हाताने मागे-पुढे फिरवायची. आवाज आधी गुरगुरल्यासारखा, मग शब्दासारखा येतो. शब्द नेमका जिथे सुरू होतो तिथे पिवळ्या मेणपेन्सिलीने खूण करायची. टेप अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेत बसवायची आणि ब्लेडने तिरकी कापायची. सरळ कापली तर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून तिरकी. मग दोन टोकं भिडवून पाठीमागून पांढरी चिकटपट्टी लावायची आणि नखाने घासायची. आमच्याकडे टेप सेकंदाला साडेसात इंच धावायची, मोठ्या स्टुडिओत पंधरा. पंधराच्या वेगाने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाचा एखादा शब्द पाच इंच लांब असतो. तो हातात धरता येतो. नको असलेले श्वास जमिनीवर पडायचे आणि संध्याकाळी झाडून काढावे लागायचे. दुसऱ्या तबकडीचा तुकडा घ्यायचा तर आधी तो टेपवर उतरवून घ्यायचा, मग त्याची जागा शोधायची, आणि एकावर एक चढवायचा तर तेवढी वेगळी यंत्रं एका दमात सुरू करायची. चूक झाली की पहिल्यापासून.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस तो तुकडा ऐकतो तेव्हा त्याला आधी हात दिसतात. इतरांच्या गाण्यांतून कापून नवं काही जोडणं हे या तबकडीने प्रथम केलं असं म्हणणं चूक ठरेल. फ्रान्समध्ये पिएर शेफर १९४८ पासून ध्वनी कापून जोडत होता आणि अमेरिकेत १९५६ मध्ये बुकॅनन आणि गुडमन या जोडीने गाजलेल्या गाण्यांचे तुकडे घालून उडत्या तबकडीची खोटी बातमी रचली होती. पण प्रवचनाला असं अंगण देणं वेगळं. बोलणारा सांगतोय की तू कोणीही होऊ शकतोस, आणि त्याच वेळी कानावर ज्यांचा आवाज पडतोय ते एकामागून एक बदलतायत. सांगणं आणि घडणं एकाच टेपवर आहे. लिअरीच्या सगळ्या व्याख्यानांत, पुस्तकांत, मुलाखतींत मिळून जे पटत नाही ते मला इथे काही मिनिटं पटतं, आणि त्याचं श्रेय मी कापणाऱ्याला देतो.

हाच डग्लस पुढे १९७० च्या दशकात हेंड्रिक्सच्या मागे राहिलेल्या टेपांचा कारभारी झाला. १९७५ च्या एका तबकडीसाठी त्याने मूळ वादकांची वाद्यं पुसून भाड्याच्या वादकांकडून नवी वाजवून घेतली. चाहते त्यावर आजही चिडतात आणि मीही त्यांच्या बाजूचा आहे. मेलेल्या माणसाला विचारता येत नाही. लिअरीच्या वेळी तेच कसब होतं, पण माणूस जिवंत होता आणि तबकडी त्याची स्वतःची होती.

उमेदवार आत, मग बाहेर

लगुना बीचच्या प्रकरणात १९७० च्या सुरुवातीला १० वर्षांची शिक्षा झाली. लारेडोचा खटला उरलेल्या आरोपावर पुन्हा चालला आणि आणखी १० वर्षं मिळाली. दोन्ही एकापाठोपाठ भोगायची, म्हणजे २० वर्षं. जामीन नाही. दोन थोटकं आणि एक पुडी यांची ही किंमत. तबकडीतून पैसा येवो न येवो, प्रचार तिथेच संपला.

तुरुंगात कैद्याला कुठे ठेवायचं हे ठरवायला मानसशास्त्रीय चाचण्या घेत. लिअरीने लिहून ठेवलंय, की त्यातल्या काही त्याच्या स्वतःच्या कामावर बेतलेल्या होत्या. १९५७ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या निदानावरचं त्याचं पुस्तक या क्षेत्रात मान्यता पावलं होतं. कोणत्या उत्तराने कसा माणूस दिसतो हे त्याला पाठ होतं. बागकामाची आवड असलेला, नाकासमोर चालणारा, पळण्याचा विचारही मनात न आणणारा माणूस त्याने कागदावर उभा केला. त्याला सान लुइस ओबिस्पोच्या कमी पहाऱ्याच्या तुरुंगात बागेचं काम मिळालं. ‘कोणीही हो’ हे त्याने इतकं शब्दशः कधी केलं नव्हतं.

सप्टेंबर १९७० मध्ये एका रात्री तो छपरावर चढला, कुंपणावरून जाणाऱ्या तारेला लोंबकळत पलीकडे गेला आणि रस्त्यावर उतरला. वय पन्नाशीला टेकलेलं. न्यायला ‘वेदर अंडरग्राउंड’ या भूमिगत संघटनेचे लोक होते, आणि पैसे दिले होते एलएसडीचा व्यापार करणाऱ्या एका मंडळाने. त्याच आठवड्याभरात, १८ सप्टेंबरला, लंडनमध्ये हेंड्रिक्स गेला. वय २७. बोलणारा परागंदा झाला आणि बेसवाला राहिला नाही.

नोव्हेंबरात रेगन पुन्हा निवडून आला. लिअरी अल्जीयर्सला एल्ड्रिज क्लीव्हरच्या ब्लॅक पँथरांच्या, म्हणजे अमेरिकेतल्या जहाल कृष्णवर्णीय संघटनेच्या लोकांच्या, आश्रयाला होता. क्लीव्हरशी बिनसलं आणि पँथरांनीच त्याला काही दिवस कोंडून ठेवलं. तिथून स्वित्झर्लंड. जानेवारी १९७३ मध्ये काबूलच्या विमानतळावर तो पकडला गेला. मग फॉल्सम तुरुंग. १९७४ मध्ये सुटकेसाठी त्याने तपासयंत्रणेला जुन्या साथीदारांबद्दल माहिती दिली, आणि गिन्सबर्ग, रामदास आणि त्याचा स्वतःचा मुलगा पत्रकार परिषद घेऊन त्याच्याविरुद्ध बोलले. १९७६ मध्ये तो सुटला.

इथे मला माझी बाजू मांडू द्या. एलएसडी रस्तोरस्ती वाटण्याजोगी गोष्ट आहे, असं मी मानत नाही. हार्वर्डमध्ये खोली, सोबत, तयारी यांवर भर देणारा लिअरी आणि ‘टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आउट’ ही तीन क्रियापदांची घोषणा देऊन हजारो पोरांना वाटेला लावणारा लिअरी यांत मोठी दरी आहे, आणि त्या दरीत माणसं पडली. हे लक्षात ठेवून मी तबकडी ऐकतो. तरीही दोन थोटकांसाठी दहा वर्षं हा न्याय होता असं मला म्हणता येत नाही. आणि हेंड्रिक्सच्या संग्राहकांचंही मला वाईट वाटतं. ते या तबकडीकडे फक्त बेससाठी येतात आणि बोलणं मध्ये कडमडतंय असं समजून वैतागतात. बोलणं काढलं तर तो एका दुपारचा सैल रियाज उरतो. बोलण्यासाठी जमलेली ती साथ होती.

रोझमेरी

आता त्या तिसऱ्या आवाजाकडे येतो.

रोझमेरी वुड्रफ लारेडोच्या पुलावर मोटारीत होती. १९६६ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या चौकशीत तिला लिअरीविरुद्ध साक्ष द्यायला बोलावलं. ती बोलली नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल ३० दिवस तुरुंगात बसली, पण बोलली नाही. १९६७ च्या तबकडीवर तिचा आवाज आहे, आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं. लगुना बीचला तिलाही पकडलं आणि तिच्यावरही खटला झाला. १९७० मध्ये लिअरी आत असताना सभा घेणं, पैसे उभे करणं, वकील गाठणं हे तिने केलं आणि पळण्याच्या बेतातही ती होती. वेषांतर करून खोट्या पासपोर्टवर ती त्याच्यासोबत अल्जीरियाला गेली. त्या क्षणापासून ती फरारी झाली.

स्वित्झर्लंडमध्ये १९७१ मध्ये ती त्याच्यापासून वेगळी झाली. लिअरी पकडला गेला, बोलला, सुटला, आणि पुढची वीस वर्षं टीव्हीवर, महाविद्यालयांत, संगणकाच्या नव्या जगात स्वतःच्या नावाने वावरला. रोझमेरी तशी सुटली नाही, कारण ती कोणाबद्दल बोललीच नाही. ती देशोदेशी हिंडली, मग गुपचूप अमेरिकेत परतली आणि केप कॉडच्या किनाऱ्यावर दुसऱ्या नावाने राहिली. एका छोट्या खानावळवजा हॉटेलात तिने काम केलं. उतरणाऱ्या पाहुण्यांना ती कोण हे माहीत नव्हतं.

तबकडीत लिअरी ज्याचं वचन देतो ते त्याला स्वतःला कधी साधलं नाही. तुरुंगातली बागकाम-वेड्या माणसाची ती चाचणी सोडली तर तो आयुष्यभर टिमथी लिअरीच राहिला, १९९६ मध्ये मरेपर्यंत, आणि त्यानंतरही, कारण १९९७ मध्ये त्याच्या अस्थींचा काही भाग रॉकेटने अंतराळात गेला तेव्हाही बातमी त्याच्याच नावाची होती. खरोखर दुसरं कोणीतरी होऊन, नाव टाकून, ओळखी तोडून, आईवडिलांना उघडपणे न भेटता जगायची पाळी तिच्यावर आली. तिने ते हौसेने निवडलं नव्हतं. त्या शीर्षकातल्या ‘कोणीही’ या शब्दाचा एक अर्थ ‘कोणी म्हणजे कोणीच नाही’ असाही निघतो, आणि तो तिने तेवीस वर्षं भोगला.

म्हणून हे प्रकरण मांडताना मी १९६७ ची तबकडी आणि १९७० ची तबकडी जोडीने ऐकतो. पहिलीत वीणेमागून तिचा आवाज येतो, हळू, जवळून, कोणीतरी उशाशी बसून बोलावं तसा. दुसरीत तो नाही. तीन तुकडे, एवढे वादक, एवढ्या दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे, आणि ती नाही.

१९९४ मध्ये तिच्यावरचं जुनं प्रकरण मिटलं. तिने वकिलामार्फत कागदपत्रं केली आणि पुन्हा रोझमेरी वुड्रफ लिअरी हे नाव घेतलं. त्यानंतर ती लिअरीला भेटली. तो तेव्हा आजारी पडू लागला होता. ती २००२ मध्ये गेली. फरारी वर्षांच्या आठवणी तिने लिहून ठेवल्या होत्या, त्यांचं पुस्तक २०२१ मध्ये निघालं, तिच्या स्वतःच्या नावाने.